आवाज बंद झाला, पण श्वास?

उन्हाळ्यात आमच्या खानदेशात अजूनही कितीतरी घरं गच्चीवर झोपतात. कोण घोरतं ते सगळ्या गल्लीला माहीत असतं. गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला इतक्या जणांनी पाठवला की मी मोजणं सोडलं. मजकूर थोडक्यात असा: "घोरणं हा आजार नाही, कष्टाची गाढ झोप आहे. दातांचे डॉक्टर यासाठी हजारो रुपये उकळतात. तोच माउथपीस ऑनलाईन ४९९ रुपयांत मिळतो. गरम पाण्यात टाका, चावा, पहिल्याच रात्री आवाज बंद. आवाज बंद म्हणजे त्रास संपला. कोणालाही चालतो, साइड इफेक्ट नाही."

मी धुळ्यात दातांचा दवाखाना चालवते. हा मेसेज वाचून माउथपीस मागवलेली माणसं आता माझ्या खुर्चीत येऊन बसू लागली आहेत, म्हणून एकेका दाव्याला उत्तर देते.

गाढ झोपेची समजूत मेसेजच्या कितीतरी आधीची आहे. मुलगा घोरत असला की आई सुनेला म्हणते, "झोपू दे त्याले, थकेल शे." माया खरी आहे, निदान चुकलेलं आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते, हवेची वाट अरुंद होते. त्या अरुंद वाटेतून हवा जाताना टाळूचा मऊ भाग आणि पडजीभ थरथरतात, तोच घोरण्याचा आवाज. घोरणाऱ्या प्रत्येकाला आजार असतो असं मी म्हणत नाही. पण काही जणांत ही वाट अरुंद होऊन थांबत नाही, पूर्ण मिटते. दहा सेकंद, कधी अर्धा मिनिट श्वास जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू माणसाला अर्धवट जागा करतो, एक मोठा घोरका येतो आणि पुन्हा तेच सुरू. रात्रभर असं चाललं की झोप गाढ होतच नाही. सकाळी डोकं जड, दुपारी बसल्या जागी डुलकी, आणि वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं तर रक्तदाब आणि हृदयावर ताण.

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. माझ्याकडे येणाऱ्यांत ट्रकचालक बरेच. चालकाची डुलकी काय करू शकते ते इथे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

दुसरा दावा, "तोच माउथपीस". तत्त्व एकच आहे, एवढं खरं. खालचा जबडा थोडा पुढे धरून ठेवायचा, म्हणजे जिभेचं मूळ पुढे ओढलं जातं आणि घशातली वाट उघडी राहते. पण जबडा किती पुढे घ्यायचा, हा सगळा प्रश्न तिथेच आहे. मी आधी दोन्ही जबड्यांचं माप घेते. मग रुग्णाला खालचा जबडा जास्तीत जास्त जेवढा पुढे नेता येतो ते मोजते आणि साधारण निम्म्यापासून सुरुवात करते. वरच्या आणि खालच्या दातांवर स्वतंत्र बसणारे दोन भाग लॅबमधून बनून येतात, त्यांना जोडणारा स्क्रू किंवा पट्टी असते. मग काही आठवडे, मिलिमीटरच्या अंशाने, जबडा पुढे घेत जायचा. कोणाचं घोरणं चार मिलिमीटरला थांबतं, कोणाला सहा लागतात, कोणाचा सांधा पाचला दुखायला लागतो. उकळत्या पाण्यात मऊ करून चावलेल्या प्लास्टिकला यातलं काही कळत नाही. ते बऱ्याचदा सैल बसतं, मध्यरात्री उशीवर सापडतं. आणि मे महिन्यात बंद गाडीत राहिलं तर पुन्हा मऊ होऊन वाकडं होतं, हेही मी पाहिलंय.

अमेरिकेतल्या झोपविकारांच्या आणि दंतवैद्यकाच्या दोन अकादमींनी २०१५ मध्ये मिळून मार्गदर्शक तत्त्वं काढली. साध्या घोरण्यावर उपचार हवा असलेल्या प्रौढांना अप्लायन्स, म्हणजे जबडा पुढे धरणारं हेच साधन, द्यावं, असं त्यांत म्हटलंय. श्वास थांबत असेल, तर ते रुग्णाच्या मापाचं आणि कमी-जास्त करता येणारं असावं, प्रशिक्षित दंतवैद्याने द्यावं, आणि ते लावून झोपेची तपासणी पुन्हा करावी, असंही आहे. म्हणजे मी या उपचाराच्या विरोधात नाही. तो चांगला आहे म्हणूनच त्याची अशी खिरापत वाटलेली मला बघवत नाही.

"आवाज बंद म्हणजे त्रास संपला" हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं.

एक ट्रकचालक जिभाऊ हिवाळ्यात आले. वय पन्नासच्या आसपास, मान जाड. मागवलेला माउथपीस स्टीलच्या डबीत घालून आणला होता, समोरच्या बाजूला दातांच्या खोल खुणा. तक्रार एवढीच, की सकाळी दाढा जुळत नाहीत, भाकरी चावता येत नाही. "घोरणं गेलं का?" विचारलं तर म्हणाले, "गेलं ना, निम्मं तरी गेलं." मागे त्यांची बायको बसली होती. ती हळूच म्हणाली, "ताई, आवाज कमी झाला, पण मधून मधून काहीच येत नाही. तेव्हा मी त्यांच्या पायाला हात लावते."

मी तिला मोबाईलवर एका रात्रीचं रेकॉर्डिंग करायला सांगितलं. दुसऱ्या खेपेला आम्ही तिघांनी ते ऐकलं. बारीक घरघर, मग फक्त पंख्याचा आवाज. मी घड्याळाकडे बघत होते, बावीस सेकंद गेले. मग खाटेची करकर आणि धाप लागल्यासारखा श्वास. जिभाऊ स्वतःचं झोपणं पहिल्यांदाच ऐकत होते.

त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. झोपेच्या तपासणीत तासाला २४ वेळा श्वास अडतो असं निघालं. पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, त्यावर तीव्र, असा हिशोब असतो. डॉक्टरांनी आधी सीपॅप मशीन सुचवलं, आणि ते योग्यच होतं. हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं हे यंत्र सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये जगापुढे मांडलं. श्वास अडणं रोखण्यात ते अप्लायन्सपेक्षा सरस आहे. पण महिन्यातल्या अर्ध्या रात्री केबिनमध्ये झोपणाऱ्या माणसाला ते जमेना. दोन महिने प्रयत्न केल्यावर डॉक्टरांनीच अप्लायन्ससाठी माझ्याकडे परत पाठवलं.

"कोणालाही चालतो" याला थोडक्यात उत्तर. हलणारे दात, पायोरिया, तोंडात मोजकेच दात किंवा पूर्ण कवळी असेल तर अप्लायन्सला धरायला जागाच नसते. जबड्याचा सांधा आधीच दुखत असेल तर जपून. गुटखा खाऊन ज्यांचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही, त्यांचं माप घेणंच अवघड, आणि त्यांच्या तोंडाची तपासणी घोरण्याआधी व्हायला हवी. लहान मूल रोज घोरत असेल तर टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी बघायला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या, हे प्लास्टिक त्याच्यासाठी नाही.

साइड इफेक्टही आहेत, माझ्या हातच्या अप्लायन्सलाही आहेत. सुरुवातीला लाळ गळते किंवा तोंड कोरडं पडतं, सकाळी जबडा आखडतो, आणि काही वर्षांत दात किंचित सरकून चावा बदलू शकतो. म्हणून सकाळचे व्यायाम आणि ठरावीक काळाने तपासणी. मागवलेल्या माउथपीसचा चावा कोण तपासणार?

आणखी एक, जे मेसेजमध्ये नाहीच. त्यातली चित्रं सगळी पुरुषांची. बायकाही घोरतात, पाळी गेल्यानंतर तर श्वास अडण्याचा धोका वाढतो. पण घोरणाऱ्या बाईला घरात हसतात, म्हणून ती सांगत नाही. माझ्याकडे एक मावशी दात दाखवायला म्हणून तीनदा आल्या, चौथ्यांदा बोलल्या.

पैशाचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. मापाचं अप्लायन्स महाग आहे, कापसाचा भाव पडलेल्या वर्षी ते परवडत नाही हे मला दिसतं. पण मग पहिला खर्च ४९९ चा माउथपीस कशाला? कुशीवर झोपणं, रात्रीची दारू आणि डॉक्टरांना न विचारता घेतलेली झोपेची गोळी बंद करणं, वजन उतरवणं, चोंदलेल्या नाकावर इलाज, यांतलं बरंचसं फुकट आहे. बायकोने किंवा मुलाने एका रात्रीचं रेकॉर्डिंग करून डॉक्टरांना ऐकवणं, तेही फुकट.

जिभाऊंची अप्लायन्स लावून पुन्हा तपासणी झाली, २४ चे ७ झाले. डबी तीच आहे, फक्त आता ती केबिनमध्ये उन्हात न ठेवता पाण्याच्या थर्मासशेजारी सावलीत ठेवतात. त्यांच्या बायकोला विचारलं, झोप लागते का. म्हणाली, "लागते, ताई. पण दोन वाजता जाग येतेच. हात पायापर्यंत जातो, मग श्वास ऐकते आणि परत झोपते."