शेगडी विकून टाका

कच्चाहारी व्हायचं, म्हणजे यापुढे न शिजवलेलंच खायचं ठरवलंत ना? मग शेगडी दुरुस्तीला देऊ नका, माळ्यावर ठेवू नका, सरळ विका. घरात शेगडी असली की तीन-चार दिवसांत कुणीतरी चहा टाकतं, आणि चहाच्या पाठोपाठ वरणभात परत येतो. आलेल्या पैशांतून एक थर्मामीटर घ्या. तापाचा नव्हे, पदार्थात खुपसायचा, लांब काडीचा. कारण इथून पुढे तुमच्या आयुष्यात एकच आकडा महत्त्वाचा आहे: ४८ अंश सेल्सिअस. त्याच्या खाली अन्न ‘जिवंत’, त्याच्या वर ‘मेलेलं’. आकडा मूळचा अमेरिकी, ११८ फॅरनहाइट. कडक पंथात तो १०४ वर, म्हणजे आपल्या ४० अंशांवर येतो. तुमचा पंथ पहिल्याच दिवशी ठरवून घ्या, कारण पुढे याच आठ अंशांवरून इतर कच्चाहारींशी तुमचं बोलणं बंद होणार आहे. (चंद्रपूरकरांनी कडक पंथाच्या वाटेला जाऊ नये. मे महिन्यात तिथं पारा ४६-४७ ला टेकतो. मंडईतली काकडी घरी येईपर्यंतच गतप्राण झालेली असते.)

४८ च का, असं कुणी विचारलं तर एक शब्द म्हणायचा आणि गप्प बसायचं: एन्झाइम. भाजीतली एन्झाइम उष्णतेनं मरतात आणि मग पचनाचा सगळा भार बिचाऱ्या शरीरावर पडतो, हे वाक्य पाठ करून ठेवा. समोर बारावी सायन्सचं पोर बसलं असेल तर मात्र विषय बदला. ते सांगेल की एन्झाइम म्हणजे शेवटी प्रथिनं, गाजरातली एन्झाइम गाजराच्या कामाची, आणि आपल्या जठरातल्या आम्लात बहुतेकांची गत डाळीतल्या प्रथिनांसारखीच होते. पचनाला लागणारी एन्झाइम स्वादुपिंड घरीच तयार करतं, बाहेरून मागवत नाही. असल्या पोरांमुळेच साधनेत विघ्नं येतात.

आता फडताळ. इथं दगाफटका फार. गूळ काढा: काहिलीतला रस शंभर अंशांच्या बराच वर आटवल्याशिवाय ढेप धरत नाही. पोहे काढा: भात भिजवून, भाजून मग चपटा करतात, त्यामुळे ज्या दडप्या पोह्यांवर तुमची सगळी भिस्त होती ते आधीच आगीतून उठून आलेले आहेत. साबुदाणाही भाजून किंवा वाफवूनच येतो. काजूच्या पाकिटावर ‘रॉ’ छापलेलं असलं तरी हुरळू नका. काजूच्या कवचात कातडी सोलवटून काढणारं तेल असतं, म्हणून बी फोडण्याआधी वाफवतात नाहीतर भाजतात. खरोखरचा कच्चा काजू हवा असेल तर मार्च-एप्रिलात सिंधुदुर्गात जाऊन ओले काजूगर आणा आणि सोलण्याआधी हाताला तेल फासा. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला जावं लागलं तर आंबेडाळ चालेल, डाळ नुसती भिजवून वाटलेली असते. वरची फोडणी तेवढी चमच्यानं बाजूला सारा. पन्हं मात्र नापास. कैरी उकडलेली, त्यात गूळ. यजमानीणबाईंना हे तिथंच, सगळ्यांसमोर समजावून सांगावं.

मराठी ताटात कच्च्याची जागा पूर्वीपासून ठरलेली आहे: डावी बाजू. मीठ, लिंबू, चटणी, दोन चमचे कोशिंबीर. तुम्हाला फक्त ही डावी बाजू उजवीकडे सरकवत न्यायची आहे, भाजीवरून, वरणावरून, भाताच्या मुदीवरून, पार ताटाच्या काठापर्यंत. हिशेब सोपा आहे. १०० ग्रॅम काकडीत साधारण १५ कॅलरी, म्हणजे दिवसाच्या १,८०० कॅलरींसाठी १२ किलो काकडी. मोड आलेले मूग घेतलेत तर ६ किलोत भागतं, गाजरं साडेचार किलो. वेळेचं तेवढं बघा. चिंपांझी दिवसाचे सहाएक तास चावण्यातच घालवतात, आणि त्यांना कुठं लोकल पकडायची नसते. रिचर्ड रँगम नावाचे हार्वर्डचे मानवशास्त्रज्ञ म्हणतात की माणसाचे दात आणि आतडं लहान झालं, मेंदूला वाढायला इंधन मिळालं, ते विस्तवावर शिजवता यायला लागल्यामुळे. त्या मेंदूचं पुढं काय झालं ते तुम्ही बघताच आहात.

गाजरातलं बीटा कॅरोटीन आणि टोमॅटोतलं लायकोपीन शिजवल्यावर, थोड्या तुपातेलासोबत, जास्त शोषलं जातं हे खरं आहे. शिजवल्यानं क जीवनसत्त्व घटतं हेही खरं आहे. यातलं दुसरं वाक्य फ्रिजवर चिकटवा. पहिल्याला हात लावू नका, त्या वाटेनं टोमॅटोचं सार घरात शिरतं.

आता मोड. हा तुमच्या धर्माचा गाभा, म्हणून सावकाश सांगतो. मूग किंवा मटकी आठ तास भिजवा, उपसा, ओल्या फडक्यात घट्ट बांधा आणि उबेला ठेवा. उन्हाळ्यात एका रात्रीत अर्ध्या बोटाएवढे मोड येतात, थंडीत दीड दिवस लागतो. ऊब, ओल, अंधार आणि भरपूर वेळ: मटकीला हवं ते सगळं. जिवाणूंनाही नेमकं हेच लागतं. ते बियाण्याच्या सालीच्या खाचेत बसलेले असतात, धुऊन जात नाहीत, आणि मोड लांब होईतो त्यांची संख्या कुठल्या कुठं गेलेली असते. फडकं सोडल्यावर मोडांना हात लावून बघा. बुळबुळीत लागले, आंबूस वास आला, तर त्याला प्राणशक्ती म्हणायचं. आजी हेच फडकं वापरायची, पण नंतर त्याची उसळ करून रटरटा शिजवायची. तिला प्राणशक्ती ठाऊक नव्हती.

२०११ च्या मे-जूनमध्ये उत्तर जर्मनीत माणसं रक्ती जुलाब होऊन, मूत्रपिंडं बंद पडून इस्पितळात यायला लागली. आधी संशय स्पेनच्या काकड्यांवर गेला आणि तिथल्या शेतकऱ्यांचा माल सडला. मग धागा सापडला तो एका सेंद्रिय शेतावरच्या मोडांचा, आणि बियाणं निघालं मेथीचं, इजिप्तहून आलेलं. सुमारे चार हजार आजारी, पन्नासहून अधिक मृत्यू. शेत सेंद्रिय होतं, मोड ताजे होते, आणि सॅलडमध्ये कुणीही ४८ चा आकडा ओलांडला नव्हता. नियमाप्रमाणे सगळं अगदी चोख. भित्र्या लोकांसाठी म्हणून सांगतो: भांड्यात वाफ धरल्यावर झाकण ठेवून पाच मिनिटं वाफवलेले मोड चवीला तसेच कुरकुरीत राहतात. तुम्ही असलं काही करणार नाही, माहीत आहे.

राजमा मात्र भिजवूनही कच्चा खाऊ नका. हा एवढा एकच सल्ला सरळ आहे. त्यातल्या लेक्टिन नावाच्या विषारी प्रथिनामुळे चार-पाच दाण्यांतच तीन तासांच्या आत उलट्या सुरू होतात. पाणी बदलून, नीट उकळी फुटल्यावर दहा मिनिटं खळखळ उकळला की ते मोडतं. मंद आचेवर ८० अंशांपर्यंत नुसता तापवून ठेवलेला राजमा तर कच्च्याहूनही वाईट, तिथं विषाचा जोर आणखी वाढतो.

आणि ‘कोबीतली अळी मेंदूत जाते’ हा निरोप तुम्हाला आला असेलच. अळीला उगाच बदनाम करू नका. मेंदूत पोचतो तो पट्टकृमी, त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून सांडपाण्यात आणि सांडपाण्यातून भाजीवर येतात, आणि त्यांना कोबीचं विशेष प्रेम नाही. पालक, कोथिंबीर, गाजर, काहीही चालतं. शिजवलं की मरतात. म्हणजे तुमच्याकडे जगतात.

सकाळी बागेच्या फाटकाशी स्टीलच्या डब्यांतून रस विकणारा असतो. गव्हांकुर, कारलं, आवळा, दुधी. गव्हांकुराचं वेड पसरवलं ते बॉस्टनच्या ॲन विग्मोर यांनी. त्यामागचा युक्तिवाद मोहक आहे: पानातलं हरितद्रव्य आणि रक्तातलं हिमोग्लोबिन दिसायला सख्खी भावंडं. फरक एवढाच की एकाच्या मध्यभागी मॅग्नेशियम आणि दुसऱ्याच्या लोह, आणि शरीराला एकाचं दुसरं करता येत नाही. पण तीस मिलिलिटर हिरवं पाणी नाक दाबून पिताना माणूस रसायनशास्त्र कुठं आठवतो.

दुधीचं जरा नीट ऐका. काकडी कापताना घरातल्या बायका टोक छाटतात, ते कापल्या जागी घासतात, फेस काढतात आणि मग एक चकती जिभेवर ठेवतात. कडू लागली तर फेकतात. या सवयीला तुम्ही अंधश्रद्धा म्हणा. दुधी, काकडी, पडवळ या सगळ्या वेलींत कुकरबिटासिन नावाचं कडवट द्रव्य असतं, एरवी अगदी नगण्य. एखाद्या फळात ते भरमसाट वाढतं आणि बाहेरून तो दुधी इतर दुधींसारखाच गुळगुळीत, पोपटी दिसतो. शिजवल्यानं ते जात नाही. पण कडू भाजीचा पहिला घास माणूस थुंकतो. रस एका दमात घशाखाली जातो, त्यात कारलं-आवळा मिसळलेला असेल तर कडू नेमकं कशानं ते कळतच नाही, आणि वर ‘औषध कडूच असतं’ हे आपल्या हाडीमासी भिनलेलं. मग पोटात कळा, उलट्या, कधी रक्ताच्या, आणि रक्तदाब ढासळतो. त्यावर ठरावीक उतारा नाही. देशात अशा रसानं माणसं दगावल्यावर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं समिती नेमली आणि समितीनं काय सांगितलं? आधी तुकडा चाखा, कडू असला तर टाका, दुसऱ्या रसांत मिसळू नका, प्यायल्यावर त्रास झाला तर ताबडतोब इस्पितळ गाठा. म्हणजे स्वयंपाकघरातल्या बाईनं सांगितलं असतं तेच.

भाकरीवाचून जीव कासावीस झाला तर तिचीही सोय आहे. जवस रात्रभर भिजवा, बुळबुळीत झाल्यावर गाजराच्या चोथ्यासह वाटा, कागदावर दोन-तीन मिलिमीटर जाड थापा आणि वाळवणीच्या यंत्रात ४५ अंशांवर १४ तास ठेवा. आठ तासांनी उलटायला उठा. ५०० वॅटचं यंत्र सलग चाललं तर ७ युनिट वीज. तव्यावरची भाकरी तीन मिनिटांत होते, पण तिच्यात ही चिकाटी कुठं? तयार झालेल्या वस्तूला भाकरीच म्हणायचं. जाड थापलीत तर मध्ये ओलं राहून बुरशी धरते. तिला काय म्हणायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

दोन-तीन महिन्यांत अनुभव यायला लागतील. पोट फुगणं: विषं बाहेर पडताहेत. थंडी वाजणं, केस गळणं: विषं बाहेर पडताहेत. आंबट रसांनी दात शिवशिवणं: तेच. जर्मनीतल्या गीसन इथल्या संशोधकांनी ५१३ कच्चाहारींची पाहणी करून १९९९ मध्ये निष्कर्ष छापले. पंचेचाळिशीच्या आतल्या सुमारे ३० टक्के स्त्रियांची पाळी अनियमित झालेली किंवा पूर्ण थांबलेली होती. यावर ‘शरीर इतकं शुद्ध झालं की पाळीची गरजच उरली नाही’ असं म्हणणारे गुरू भेटतात. शरीर उपासमार ओळखून एक खर्च बंद करतंय, हे मुनीमसुद्धा सांगेल. दूध-दही सोडलं असेल तर बी-१२ कडेही दुर्लक्ष करा. यकृतात त्याचा काही वर्षांचा साठा असतो, त्यामुळे सुरुवातीला सगळं छान चालतं आणि तुमचे अनुभवाचे बोल जोरात असतात. वर पालेभाजीतलं फोलेट मुबलक, ते रक्तक्षयाची खूण झाकून ठेवतं. पायाला मुंग्या यायला लागतात तेव्हा त्याला ऊर्जेचा संचार म्हणायचं.

कुणी म्हणेल, यात नवीन काय? आपल्याकडे चातुर्मासात कांदा-लसूण सुटतो, एकादशीला भात सुटतो, ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचं चालत नाही. त्या सगळ्याला शेवटी पारणं असतं. व्रताचं उद्यापन करता येतं, मेहूण जेवायला घालता येतं, आणि आजारी माणसाला, गरोदर बाईला सूट असते. तुमच्या व्रतात ही भानगड ठेवू नका. सूट दिली की माणूस घसरतो. आधी गहू सोडा, मग शिजवलेलं सगळं, मग दुसऱ्यानं चिरलेलं, मग दुसऱ्याच्या सुरीनं चिरलेलं. सोवळं नव्यानं बांधायला काढलंत की वीट वीट रचावी लागते. स्टीव्हन ब्रॅटमन या अमेरिकी डॉक्टरनं १९९७ मध्ये या अवस्थेला ऑर्थोरेक्सिया असं नाव दिलं. ‘ऑर्थोस’ म्हणजे योग्य, ‘ओरेक्सिस’ म्हणजे भूक. अमेरिकी मानसोपचारांच्या २०१३ च्या अधिकृत यादीत हा आजार स्वतंत्रपणे घातलेला नाही, तेव्हा निर्धास्त राहा, नाव नाही तर रोगही नाही. त्याची लक्षणं घरच्यांना आधी दिसतात: खाण्यात जातो त्याहून जास्त वेळ खाण्याचा विचार करण्यात जातो, एक गुलाबजाम खाल्ला तर दोन दिवस प्रायश्चित्त, आणि जेवायला बोलावणारे हळूहळू बोलवायचे थांबतात.

तोवर आलेली आमंत्रणं मात्र टाळू नका. लग्नाला डबा घेऊन जा. पंगतीत बसून मटकी काढा, शेजारच्याच्या मठ्ठ्याकडे करुणेनं बघा, जिलबीचं तापमान विचारा. बोहल्यावरच्या मुलीच्या काकांना एन्झाइम समजावून सांगा. घरी मुलाच्या वाढदिवसाला कलिंगडाचा केक कापा. मित्र आलेच, तर पुढच्या वर्षी येणार नाहीत.

एक अडचण उरते. साडेबाराच्या सुमारास शेजारच्यांकडे तेल तापतं, मोहरी तडतडते, हिंग पडतो, मग कढीपत्ता, आणि तो सगळा ऐवज चर्र आवाज करत आमटीत उतरतो. हे निदान १५० अंशांच्या पुढचं प्रकरण आहे. पण वास नाकातून जातो, तोंडातून नाही, आणि तो कच्च्यात धरायचा की शिजलेल्यात, यावर पंथांत अजून एकमत झालेलं नाही. होईपर्यंत खिडकी लावून घ्या.