प्रतिक्रियेला उत्तर: 'कॉमन' या शब्दाने घातलेला घोळ

काका, नमस्कार. उत्तराला चार दिवस लागले, कारण तुमची कमेंट वाचल्यावर आधी बोर्ड माळ्यावरून खाली काढला, मल्टिमीटर लावला आणि मगच टाइप करायला बसलो.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. सोसायटीच्या गणपतीत मी ८ बटणांचा पक्ष्यांच्या आवाजांचा बोर्ड केला होता, बटण दाबलं की कोकीळ, तांबट, भारद्वाज वगैरे ओरडतात, आणि त्याच्या वायरिंगमधले फॉल्ट कसे शोधले ते इथे लिहिलं होतं. काकांनी तीन गोष्टींवर धरलंय. माझ्या चित्राप्रमाणे सगळ्या काळ्या वायरी एकत्र केल्या आणि त्यांचं डीएफप्लेअर मिनी, म्हणजे मेमरी कार्डवरचे आवाज वाजवणारं छोटं मॉड्यूल, तापून गेलं. 'अडॅप्टर बदला, वायर हलवून बघा' ही काय पद्धत झाली, ३० वर्षं पॅनल वायरिंग केलेल्या माणसाला हे शिकवता का. आणि एवढ्याशा कामाला आर्डुइनो, म्हणजे प्रोग्राम भरता येणारा छोटा कंट्रोलर बोर्ड, कशाला.

पहिल्यात चूक माझीच, काही सारवासारव नाही. डीएफप्लेअर मिनीचा अँप्लिफायर ब्रिज टाइपचा आहे, म्हणजे स्पीकरची दोन्ही टोकं तोच चालवतो, त्यातलं एकही ग्राउंड, म्हणजे सप्लायचं मायनस टोक, नाही. आवाज चालू असताना मीटर डीसीवर ठेवून काळा प्रोब ग्राउंडला आणि लाल आधी एका, मग दुसऱ्या स्पीकर पिनला लावा, दोन्हीकडे सप्लायच्या साधारण निम्मे, २.५ च्या आसपास व्होल्ट दिसतील. आता त्यातली एक पिन ग्राउंडला बांधली की अँप्लिफायर शॉर्ट होऊन तापणार, ते तुम्हाला मी सांगायला नको. माझ्या बोर्डात स्पीकरच्या दोन्ही वायरी वेगळ्याच आहेत हो, पण चित्र रात्री बारा वाजता काढलं आणि बटणांची, सप्लायची आणि स्पीकरची काळी अशी एकच जाड रेघ ओढून खाली 'कॉमन' लिहून मोकळा झालो. चित्र आता काढून टाकलंय.

आणि गंमत म्हणजे याच शब्दाच्या शेजारच्या टोकांनी मलाही आधी एकदा फसवलं होतं. त्या मोठ्या गोल बटणांच्या मागे मायक्रोस्विच असतो, त्याला कॉमन, एनओ (दाबल्यावर कॉमनला जोडलं जाणारं) आणि एनसी (न दाबताच जोडलेलं) अशी तीन टोकं. दयाळच्या बटणाची वायर मी एनसीला लावली, म्हणजे बटण कायमच दाबलेलं, त्यामुळे चालू केल्या केल्या दयाळ जो सुरू झाला तो थांबेचना. खालच्या मजल्यावरच्या आजी विचारायला आल्या की खरा पक्षी आत अडकलाय का.

अडॅप्टरबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. फक्त मी 'बदला' असं लिहिलं, 'मोजा' असं लिहायला हवं होतं, एवढं मान्य. लक्षण असं होतं की सातही पक्षी नीट आणि भारद्वाज दाबला की 'हूप हूप' दोनदा आणि लगेच प्लेअर रिस्टार्ट. मी बटणच बदललं, दोनदा! भारद्वाजाचा आवाज खर्जातला आणि मी तो वाढवून भरला होता, त्यामुळे तिथे करंट जास्त ओढला जायचा. अडॅप्टर रिकामा मोजला तर ५.१ व्होल्ट, एकदम छान. पण मॉड्यूलच्या पायांवर, भारद्वाज ओरडत असताना मोजलं तर ४.३, आणि मीटर सरासरी दाखवतो, मधला खड्डा त्याहून खोल असणार. दोषी निघाली ती अडॅप्टरपासूनची ३ मीटरची बारीक चार्जिंग केबल. २८ गेजच्या तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स दर मीटर लांबीला ०.२ ओहमच्या वर असतो, जाऊन येऊन ६ मीटर धरले की सव्वा ओहम झाला, अर्धा अँपिअर ओढला तरी ०.६ व्होल्ट वाटेतच गेले. जाड वायर टाकली, मॉड्यूलजवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (चार्जचा छोटा साठा) लावला, भारद्वाज सुधारला.

'वायर हलवून बघा' यावर तुम्ही हसलात, पण मीटर बीपवर (जोड अखंड असेल तरच वाजतो) ठेवून, सप्लाय बंद करून, एकेक वायर हलवायची असं मला म्हणायचं होतं. कोकिळेचा फॉल्ट त्यातच सापडला. लग (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) दाबताना वायर नीट सोललीच नव्हती, लग इन्सुलेशनवर बसलेला, आत तांब्याचे दोन तार कसेबसे टेकलेले.

वायरिंगचा नसलेला एक फॉल्ट मूळ लेखात राहिलाच होता, खरं तर माझे सगळ्यात जास्त तास त्याने खाल्ले. तांबट दाबला की हळद्या, हळद्या दाबला की बुलबुल. मी शपथेवर सांगितलं असतं की वायरी उलटसुलट झाल्यात, दोनदा सगळं सोडून परत जोडलं. शेवटी कळलं की नुसता नंबर देऊन वाजवायला सांगितलं तर हा प्लेअर फाइलचं नाव बघतच नाही, कार्डवर कुठली फाइल आधी कॉपी झाली तो क्रम बघतो. कार्ड फॉरमॅट केलं, फाइली ओळीने एकेक टाकल्या, झालं. पाच मिनिटांचं काम.

आर्डुइनोचं कारण लांब वायरी. बटणं मॉड्यूलला थेट लावता येतात, बरोबर आहे तुमचं, पण तिथे बटण ओळखलं जातं ते रेझिस्टरच्या किमतीवरून, आणि मंडपात पावसाची ओल, खराब कॉन्टॅक्ट असलं काही आलं की किंमत हलते आणि भलताच पक्षी बोलतो. आर्डुइनोलाही त्रास झालाच म्हणा. बटणांच्या २ मीटर वायरी लायटिंगच्या माळांना चिकटून गेल्या होत्या आणि पुल-अप (बटण मोकळं असताना पिन प्लसकडे ओढून धरणारा रेझिस्टर) द्यायला मी विसरलो, त्यामुळे रात्री कुणी हात न लावता बुलबुल बोलायचा. आतला पुल-अप २० ते ५० किलोओहमचा, इतक्या लांबीला तो कमजोर वाटला म्हणून बाहेरून ४.७ किलोओहमचे लावले, शिवाय कोडमध्ये ३० मिलिसेकंद थांबवलं, नाहीतर एका दाबण्यात बटण चार वेळा टिकटिकतं. तरी पोरं धडाधड दाबायचीच. शेवटी पाटी लावली: 'बटण एकदाच दाबावे. दहा वेळा दाबल्याने पक्षी लवकर येत नाही.'

तुमचं मॉड्यूल गेलं ते माझ्या चित्राने. पुण्याच्या तापकीर गल्लीतून मी दोन जास्तीची आणली होती, त्यातलं एक तुमचं, मेल करा, कुठे आणून देऊ ते ठरवू. लावण्याआधी फक्त एक बघा, जळालेल्या मॉड्यूलवरचा स्पीकर मीटरवर ओहममध्ये मोजा, त्यावर लिहिलेल्या आकड्याच्या थोडंसं खाली आलं तर ठीक, नाहीतर तोही गेला असेल.