'एसीत बसून' या दोन शब्दांबद्दल

'स्पष्टवक्ता' यांस,

गल्लीतल्या बचत गटातल्या बायकांचा आशावाद एका चाचणीने मोजून बघितला, त्यावर मी 'आशेची मोजपट्टी' हा मागचा लेख लिहिला होता. त्याखाली तुमची प्रतिक्रिया येऊन चार दिवस झाले. उत्तर द्यायचं नाही असंच ठरवलं होतं. काल भाचीने ती वाचली आणि म्हणाली, "मावशी, याला सोडू नकोस." ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी इथे जशीच्या तशी देते:

"बाई, दुष्काळात आशावाद मोजायला निघालात, कौतुक आहे. एसीत बसून लोकांच्या दुःखाला गुण द्यायचा उद्योग आहे हा. जी माणसं मोडली ती तुमच्या कागदावर येतच नाहीत, मग निष्कर्ष गोड निघणारच. आणि ज्याला कमी गुण पडले त्याला काय सांगणार, आशा वाढव? टँकर कोण देणार? ता. क. एकूण गुण ४० नसतात, जरा बघून लिहा."

आधी ताजा कलम. तुमचं बरोबर आहे. शायर आणि कार्व्हर या मानसशास्त्रज्ञांची आशावाद मोजणारी १९८५ ची मूळ चाचणी १९९४ मध्ये सुधारली गेली, तिच्यात १० विधानं आहेत आणि प्रत्येकाला ० ते ४ गुण. मी लिहिण्याच्या भरात दहा चोक चाळीस केले. प्रत्यक्षात त्यातली ४ विधानं नुसती भरीची असतात, नेमकं काय तपासलं जातंय ते चटकन कळू नये म्हणून घातलेली. गुण मोजायचे ते उरलेल्या ६ विधानांचे, म्हणजे जास्तीत जास्त २४. वर्षानुवर्षं वर्गात हे शिकवून मी ही चूक केली. मान्य. दुरुस्ती केली आहे.

आता एसी.

माझ्या घरात एसी नाही. कूलर आहे, त्याची टाकी गळते आणि खाली घमेलं ठेवावं लागतं. हा काही पुरावा नव्हे हे मलाही कळतं, पण तुम्ही माझं घर न बघता त्यात एसी बसवून मोकळे झालात, तर मी निदान कूलरचं तरी सांगावं. 'बाई' या संबोधनाबद्दलही एकदा बोलून टाकते. माझे विद्यार्थी मला बाईच म्हणतात, त्यांच्यातले काही आता पन्नाशीला आलेत. शब्द तोच, पण तुमच्या वाक्यात तो वर्गातून आलेला वाटला नाही.

मी बार्शी तालुक्यातली. ७२ च्या दुष्काळात आठ वर्षांची होते. माझी आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. मे १९७३ मध्ये राज्यभरात ५० लाखांच्या आसपास माणसं अशा कामांवर होती, त्यातली ती एक. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून ती अंगठ्याला गुंडाळायची, दगड धरताना हातोडी चुकली तर नख तरी वाचावं म्हणून. तरी दोन नखं काळी पडलीच. आम्हा पोरांना सुकडी, म्हणजे दुष्काळात वाटलेला कोरडा पौष्टिक खाऊ, मिळायची. घरी मिलो या परदेशी ज्वारीची भाकरी, तांबडी, थापतानाच कडेने तडकणारी. आई ती तव्यावर टाकताना काठ बोटाने जुळवत राहायची, शेवटी सोडून द्यायची.

संध्याकाळी मुकादम येऊन प्रत्येकीच्या ढिगाचं माप घ्यायचा. मापावर मजुरी. माप घेताना तो ढीग पायाने दाबायचा, बायकांच्या शिव्या खायचा, आईच्याही. पण एकदा तो लागोपाठ तीन दिवस आलाच नाही. खडी पडून राहिली आणि कुणाची किती ते ठरेना. त्या रात्री आई रडली. अख्ख्या दुष्काळात मी तिला एकदाच रडताना पाहिलं, ते माप घेतलं म्हणून नव्हे, माप घेतलं नाही म्हणून.

तेव्हा मोजणं म्हणजे अपमान, हे मला सांगू नका. हे मत पोट भरलेल्याला परवडतं. (इथे मी जरा घसरले असेन. राहू दे.)

व्यासपीठावरून "आपला शेतकरी चिवट आहे, तो खचत नाही" हे वाक्य किती वेळा ऐकलंत? मी लहानपणापासून ऐकते आहे. त्याला पैसे पडत नाहीत आणि ते ऐकून टाळ्या वाजतात. सगळेच चिवट, मग मदत कुणाला करायची? एकीला २० पडतात, दुसरीला ६, आणि दोघीही हळदीकुंकवाला तितक्याच हसत येतात, हे कागदाशिवाय कळत नाही. तुम्ही ज्याला गुण देणं म्हणता ते मला त्या दुसरीच्या दाराशी जाण्याचं निमित्त वाटतं.

आणि कागद आंधळेपणाने भरून घेतला असंही नाही. गल्लीतल्या बचत गटाच्या बैठकीत मी विधानं एकेक करून वाचली. "काय होईल याचा भरवसा नसतो तेव्हाही चांगलंच होईल असं मला वाटतं" यावर सगळ्या गप्प. उलट्या, म्हणजे निराशेच्या बाजूने लिहिलेल्या, विधानांवर तर घोळच. "माझ्या मनासारखं घडेल अशी मी क्वचितच अपेक्षा करते" हे वाचल्यावर एक जण म्हणाली, "नाही." म्हणजे विधान पटत नाही, की अपेक्षा करत नाही? तिलाच दोनदा विचारावं लागलं, दोन्ही वेळा उत्तर वेगळं. "सतत कामात असणं मला महत्त्वाचं वाटतं" हे आलं तेव्हा मात्र खोली हसली. "न राहून सांगतो कुणाला?" सगळ्यांचे चारपैकी चार. ते भरीचं विधान, त्याचे गुण धरतच नाहीत.

आई असती तर तिनेही तिथेच चार मारले असते.

हे सगळं मूळ लेखात आहे, सातव्या-आठव्या परिच्छेदात. तुम्ही बहुतेक ४० या आकड्याशीच थांबलात. तिथे हेही लिहिलंय की आशावाद वेगळा आणि पडल्यावर पुन्हा उभं राहणं वेगळं. दुसऱ्यासाठी कॉनर आणि डेव्हिडसन यांची २००३ ची २५ विधानांची निराळी मापनश्रेणी आहे, तिचे गुण १०० पर्यंत जातात. पुस्तकात अशा पुन्हा उभं राहण्याला 'लवचिकता' म्हणतात. मला तो शब्द योगासनाच्या वर्गातला वाटतो, म्हणून मी 'चिवटपणा' लिहिते. त्यावरही कुणीतरी तक्रार करेलच.

मोडलेली माणसं कागदावर येत नाहीत, हा तुमचा मुद्दा नवा नाही. मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा जन्मापासून चाळिशीपर्यंत माग ठेवला. तिथे आधी निवड आणि मग निष्कर्ष असा प्रकार नव्हता. सर्वाधिक जोखमीतल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश नीट उभी राहिली. उरलेल्या दोन तृतीयांशांचं काय, असं तुम्ही आता विचाराल. विचारा. माझ्या बचत गटाची काउआईशी तुलना होत नाही, तेही म्हणाल. नका करू. मी गल्लीबद्दल लिहिलं होतं, प्रबंध नव्हे, आणि गावातल्या घराला कुलूप लावून पुण्याला गेलेल्यांचे पत्ते माझ्याकडे नाहीत.

टँकर कोण देणार, हा प्रश्न पंचायत समितीत विचारा. तिथे विचारलात तर मला कळवा, मीही येते. ब्लॉगवर विचारून पाणी येत नाही, हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे. कमी गुण पडलेल्याला "आशा वाढव" असं मी कुठेही म्हटलेलं नाही. वाक्य दाखवा, तेही खोडते.

मूळ लेखात ४० खोडून २४ केलं आहे. तळाशी चूक दाखवणाऱ्याचे नावानिशी आभार मानायची माझी पद्धत आहे, पण 'स्पष्टवक्ता' हे काही नाव नव्हे. खरं नाव कळवलंत तर टाकते.