दोन उजवे हात

आज दुपारी ऑफिसात डबा उघडला आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर एक क्लिप येऊन पडली. चाळीसेक सेकंदांची. एक पियानो लंगडत चाललाय, मध्येच एखादी मात्रा जास्त टाकतोय, आणि त्यावर एक बाई अगदी मन लावून गातेय. वरचा प्रत्येक स्वर केसभर चुकलेला. वर लिहिलेलं, ‘अमेरिकेतली सगळ्यात बेसूर बाई, हसून हसून पोट दुखेल.’ खाली सोळा हसरे चेहरे. एका भाऊजींनी तर पुढे जाऊन लिहिलं, ‘आपल्याकडे हिला गणपतीच्या मांडवातसुद्धा माईक दिला नसता.’

मी लिहिलं, ‘भाऊजी, ही बाई बेसूर नाहीये हो.’

त्यांनी अंगठा पाठवला.

त्या अंगठ्याने माझी भाजी गार झाली. पोस्ट लांबणार आहे, घाई असेल त्यांनी खुशाल पुढे सरका.

त्या बाईचं नाव जो स्टॅफर्ड. (नाव ‘जो’ असलं तरी ‘जी’ आहे. हा विनोद माझ्या मामाचा, चाळीस वर्षांपूर्वीचा.) जन्म १२ नोव्हेंबर १९१७, कॅलिफोर्नियातलं कोअलिंगा. वडील तेलाच्या विहिरींवर कामाला म्हणून टेनेसीहून तिकडे गेलेले, आई बँजो वाजवायची. आणि तुम्ही सगळे ज्या क्लिपला हसलात ती या बाईने मुद्दाम, ठरवून गायलेली आहे. पियानोवर तिचा नवरा पॉल वेस्टन. तो स्वतः नामांकित अरेंजर, म्हणजे गाण्यांचा वाद्यमेळ बसवणारा. दोघांनी टोपणनावं घेतली होती, जोनाथन आणि डार्लिन एडवर्ड्स. एक बेताचा हॉटेलातला पियानोवाला आणि त्याची स्वतःला भारी समजणारी बायको, असं ते सोंग.

हे मला कसं माहीत? तर मामामुळे. मामा मर्चंट नेव्हीत. १९८६ साली त्याने कुठल्याशा बंदरावरून जुन्या रेकॉर्डी आणल्या, त्यात या जोडीची एक. कव्हरवर पियानोच्या पट्ट्या आणि त्यांवर दोन हात. मामा म्हणाला, ‘नीट बघ.’ मी बघत बसले. पाचेक मिनिटांनी ट्यूब पेटली, दोन्ही हात उजवे! अंगठे दोन्ही एकाच बाजूला. हसून हसून लोळले मी. मामाने ती मला कॅसेटवर भरून दिली आणि मी शहाणी ती कॅसेट डोंबिवलीला गाण्याच्या क्लासला घेऊन गेले. मैत्रिणींना हसवायला.

म्हणजे त्या दिवशी मीही तेच करत होते जे आज भाऊजींनी केलं. हे मान्य. पण मी तेरा वर्षांची होते, भाऊजी एकसष्टचे आहेत.

पोरी हसल्या. आमच्या गाण्याच्या बाई आतून चहाचा कप घेऊन आल्या. त्यांना इंग्रजीचा गंध नव्हता, आणि हे असलं काही त्यांनी जन्मात ऐकलं नसणार. उभ्यानेच ऐकलं. म्हणाल्या, ‘परत लाव.’ परत लावलं. ‘परत.’ तिसऱ्यांदा संपल्यावर कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, ‘चोर आहे ही. सगळे स्वर हिच्या खिशात आहेत आणि आपल्याला रिकामा हात दाखवतेय.’

मग त्यांनी पेटी बंद केली. पुढचं नंतर सांगते, लंच संपला.

*

५:५२ची लोकल, खिडकी मिळालीय, म्हणून लिहिते.

दुपारपासून माझ्या डोक्यात एकच घोळतंय. या बाईने काय काय गायलंय! मुळात तिला ऑपेरा गायचा होता, पाच वर्षं शास्त्रशुद्ध शिकली होती. पण घरची परिस्थिती, महामंदीचे दिवस. त्यात १९३३च्या मार्चमध्ये लाँग बीचला भूकंप झाला, तिच्या शाळेची इमारत पडली. शेवटी ती दोन थोरल्या बहिणींबरोबर रेडिओवर गायला लागली, कारण त्यात पैसे मिळत होते. मग पाइड पायपर्स नावाच्या ग्रुपमध्ये, सात पुरुष आणि ही एकटी. बँडवाला टॉमी डॉर्सी म्हणाला आठ जणांचा खर्च परवडत नाही, चार असाल तर या. तो निरोप आला तेव्हा ही बेकारभत्त्याचा शेवटचा चेक वटवून आलेली.

डॉर्सीकडे तिच्या शेजारी उभा राहून कोण गायचा? फ्रँक सिनात्रा. नवीन होता तेव्हा. १९४०च्या जुलैत बिलबोर्ड या अमेरिकेतल्या संगीताच्या साप्ताहिकाने रेकॉर्डविक्रीची पहिली यादी काढली, तिच्यात पहिल्या नंबरवर डॉर्सीचं ‘आय विल नेव्हर स्माइल अगेन’, सिनात्रा आणि पाइड पायपर्स. बारा आठवडे हललं नाही. सिनात्राचं नाव सगळ्यांना माहीत. मागून तो जो मऊ, कुठेही काठ न दिसणारा सुरांचा पडदा येतो, त्यातली बाई कुणाला माहीत?

आणि ट्रेनमध्ये बसलेच आहे तर हे सांगायलाच हवं. १९४२च्या नोव्हेंबरात ओरेगनमधल्या पोर्टलंड स्टेशनवर या चौघांतल्या एकाने डॉर्सीला चुकून चुकीची दिशा सांगितली. डॉर्सी भडकला, त्याला तिथल्या तिथे काढून टाकलं. बाकीचे तिघं म्हणाले, मग आम्हीपण निघालो. त्या काळातला सगळ्यात मोठा बँड सोडला, तोही प्लॅटफॉर्मवर. बाईचा आवाज मऊ होता, कणा मात्र ताठ.

पुढे कॅपिटॉल रेकॉर्ड्स, तिथे एकटीने गायली. युद्धात सैनिकांची एवढी लाडकी की तिला ‘जी. आय. जो’ म्हणायचे (जी. आय. म्हणजे अमेरिकन शिपाई). पॅसिफिकवरून परतलेल्या एका सैनिकाने तिला सांगितलं होतं की जपानी लोक भोंग्यांवर तिच्या रेकॉर्डी लावायचे. का, तर अमेरिकन पोरांना घरची आठवण येऊन त्यांनी हत्यारं टाकावीत. माझा या गोष्टीवर पूर्ण विश्वास आहे. तुम्ही ‘यू बिलाँग टू मी’ ऐका आणि मग मला सांगा. हे १९५२चं. अमेरिकेत पहिल्या नंबरवर, आणि १९५३च्या जानेवारीत ब्रिटनच्या यादीतही, जिथे तोवर कुठलीच बाई पहिली आली नव्हती.

त्याच बाईने १९४७ साली ‘सिंडरेला जी. स्टम्प’ या नावाने गावठी, नाकात बोलणाऱ्या बाईच्या आवाजात एक विडंबन गायलं. लोकांनी डोक्यावर घेतलं आणि कुणाला कळलंसुद्धा नाही की ही जो स्टॅफर्ड. त्याच बाईने आईवडिलांकडच्या डोंगरी मुलखातली जुनी लोकगीतं तंतुवाद्यांच्या साथीने गायली. त्याच बाईने गॉर्डन मॅकरेबरोबर भजनासारखी गाणी गायली, हँक विल्यम्सचं कंट्री गायली, कोळंबीच्या बोटींवरचं गाणं गायली (हे मलाही आवडत नाही, प्रामाणिकपणे सांगते), आणि १९६० साली बेन वेबस्टर, जॉनी हॉजेस असल्या दिग्गज सॅक्सोफोनवाल्यांबरोबर जॅझची अख्खी रेकॉर्ड केली.

आणि हिला तुम्ही गणपतीच्या मांडवात माईक देणार नाही.

दिवा आलं. उतरणाऱ्या एका बाईंची पिशवी माझ्या गुडघ्यावर आपटली, तेवढ्याने राग थोडा वळला. बरं, त्या दिवशीचं क्लासमधलं.

बाईंनी पेटी बंद केली, कारण पेटीत मधले स्वर नाहीतच. पट्टी दाबली की शुद्ध, शेजारची दाबली की कोमल, मध्ये फट आहे ती पेटीला माहीतच नाही. तानपुरा घेतला. मला म्हणाल्या, ‘गंधार लाव.’ लावला. ‘आता तो जरासा खाली आण. कोमल नको हं. दोघांच्या मध्ये. आणि तिथे थांब.’

मी प्रयत्न केला. घसरले ती थेट कोमलवर. परत केला, तर आवाज आपोआप शुद्धावर जाऊन बसला, जसा म्हशीचा पाय सवयीने गोठ्याकडे वळतो. सातही पोरींची तीच गत. जी खरंच कच्ची होती, ती सोडून. तिला मधला लागला, पण दुसऱ्यांदा लाव म्हटल्यावर भलताच तिसरा लागला. बाई म्हणाल्या, ‘हिचा चुकतो. त्या बाईने चुकवलाय. कडवं परत आलं तेव्हा तेवढाच चुकलाय, ऐकलंत का कुणी?’

कुणीच ऐकलं नव्हतं. आम्ही हसत होतो.

*

घरी आले. कुकर लावलाय.

मघाचं वाचून पाहिलं, जरा जास्तच तापले होते. भाऊजी वाईट माणूस नाहीत. आमच्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी रात्रभर हॉस्पिटलात बसले होते. आणि ती क्लिप हसण्यासाठीच केलीय, हेही खरं. लोक हसले तर जो आणि पॉलचं काम झालंच की. मग मला काय टोचतंय?

मला हे टोचतंय की तिचं खरं गाणं ग्रुपवर कुणी टाकत नाही. कधीच नाही. कोलंबिया कंपनीने तिच्या अडीच कोटी रेकॉर्डी खपल्याचा सत्कार केला, आणि त्या बाईला आयुष्यात ग्रॅमी, म्हणजे तिकडची संगीताची सगळ्यात मोठी बक्षिसं, किती मिळाल्या? एक. १९६१ साली. कशासाठी? डार्लिनच्या पॅरिसवरच्या रेकॉर्डसाठी, विनोदी विभागात. म्हणजे आयुष्यभर सुरात गायल्याबद्दल काही नाही, बेसूर गायल्याबद्दल बक्षीस! मामा हे सांगताना दर वेळी टाळी मागायचा. मला लहानपणी गंमत वाटायची. आता वाटत नाही.

कमेंटमध्ये येण्याआधीच सांगते, मला माहितेय काही जण काय म्हणणार. ‘तिचा आवाज थंड आहे, भावना नाही, सगळं जरा जास्तच नीट आहे.’ हो, काही गाण्यांत आहे थंड. चला, दिलं. पण गळा काढला म्हणजेच भावना, हे आपल्याला कुणी शिकवलं? ती शब्द सोडते आणि बाजूला होते. स्वर लांबवते तो हलत नाही, कापत नाही, नुसता असतो. रडायचं की नाही ते ती आपल्यावर सोडते. आपल्याला सवय लागलीय ती रिॲलिटी शोची. पोरगी गाण्याआधी बापाचं कर्ज सांगते, मागे व्हायोलिन वाजतं, परीक्षक डोळे पुसतात, आणि मग म्हणतात, ‘बेटा, सगळंच छान गातेस, पण तुझी स्वतःची ओळख काय?’ अरे, सगळं छान गाते हीच ओळख! लावणीही गाते, नाट्यगीतही गाते, गझलही गाते, तर हिला म्हणे एक शिक्का हवा कपाळावर. जो स्टॅफर्डला विचारलं असतं तर तिने काय उत्तर दिलं असतं कुणास ठाऊक. बहुतेक नाकात बोलून सिंडरेला स्टम्प झाली असती.

परत तापले. थांबते. पाणी पिऊन येते.

तिने गाणं सोडलं तेसुद्धा असंच, आवाज न करता. १९६६च्या सुमारास कमी करत आणलं, १९७५पर्यंत बंद. कुणी विचारलं का सोडलंस, तर म्हणाली, लाना टर्नर (हॉलिवूडची एके काळची देखणी नटी) हल्ली पोहण्याच्या कपड्यांत फोटो का काढून घेत नाही, त्याच कारणासाठी. संपलं. निरोपाचे सतरा कार्यक्रम नाहीत की शाली-श्रीफळं नाहीत. मध्ये एकदा सत्तरच्या दशकाच्या शेवटी डार्लिन तेवढी परत आली, बी जीज या ग्रुपचं गाजलेलं डिस्को गाणं ‘स्टेइंग अलाइव्ह’ गायला. खऱ्या आवाजाला निवृत्ती आणि बेसूर आवाजाला पुन्हा काम! १६ जुलै २००८ला गेली, नव्वद वर्षांची होऊन. आपल्याकडच्या कुठल्या पेपरात दोन ओळी आल्याचं मला तरी आठवत नाही. मामा त्याआधीच गेला होता, नाहीतर त्याने फोन केला असता.

बाईपण गेल्या. शेवटची भेटायला गेले तेव्हा त्यांना धड ऐकू येत नव्हतं. निघताना म्हणाल्या, ‘ती चोर काय म्हणते गं?’ मला आधी कळेचना कोण. मग मी त्यांच्या कानाशी मोबाईल धरला आणि ‘यू बिलाँग टू मी’ लावलं, जे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. किती ऐकू गेलं देव जाणे. बोटं मात्र चादरीवर हलत होती, आणि तिने वरचा स्वर घेतला तेव्हा थांबली.

ग्रुपवर आत्ताच तेच गाणं टाकलं. नाव नाही, गाव नाही, नुसतं गाणं.

भाऊजींचं उत्तर आलंय. ‘वा! कोण आहेत या? काय गोड गळा आहे. दुपारच्या त्या बयेला म्हणावं, हे ऐक जरा.’

तीन शिट्ट्या झाल्या. गॅस बंद करून येते, मग बघते काय लिहायचं ते.