गाणं राहिलं, सिनेमा विसरलो

'पीतल की मोरी गागरी' ऐकलेलं असेलच. जयदेवांचं संगीत, परवीन सुलताना आणि मीनू पुरुषोत्तम यांचे आवाज. पण ज्या सिनेमातलं ते आहे तो 'दो बूंद पानी' (१९७१) किती जणांनी पाहिलाय? दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास. राष्ट्रीय एकात्मतेचा पुरस्कार मिळालेला हा सिनेमा. तरी अब्बास म्हटलं की आपल्याला त्यांनी लिहिलेल्या 'आवारा'मुळे राज कपूरच आठवतो.

राजस्थानातलं गाव. पाणी आटलंय, माणसं चंबूगबाळं आवरून निघाली आहेत. गंगासिंग (जलाल आगा) कालव्याच्या कामावर जातो. मागे म्हातारा बाप, बायको गौरी (सिमी गरेवाल) आणि बहीण. स्थलांतर म्हटलं की आपण जाणाऱ्यांकडे बघतो. अब्बास मागे उरलेल्यांच्या दारात थांबतात. बीडमध्ये ऊसतोडीला टोळ्या गेल्यावर वस्तीत जी म्हातारी माणसं उरतात, त्यांना हे घर परकं वाटणार नाही.

तो कालवा खराखुरा आहे. १९५८ मध्ये काम सुरू झालं, सतलज-बियासचं पाणी पंजाबातल्या हरिकेहून वळवलं आणि १९८० च्या दशकात ते जैसलमेरपर्यंत नेलं. आजचा इंदिरा गांधी कालवा. सिनेमात तो तारणहार आहे. नंतर काय झालं? काही भागांत वाळूखाली पाणी मुरू न देणारा थर होता, वरून पाण्याचा मारा. हनुमानगडकडे जमिनी उपळल्या, शिवारात पाणी साचून राहिलं. कोल्हापुरातल्या शिरोळकडची क्षारपड, म्हणजे मीठ फुटून नापीक झालेली जमीन, पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. आणि २००४ मध्ये त्याच कालव्याच्या पाण्यासाठी राजस्थानातल्याच घडसानाचे शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबारात माणसं गेली.

पण एवढ्यावरून हा सिनेमा भाबडा ठरवून बाजूला सारणं मला अजिबात पटत नाही. कालव्यावर त्या पिढीचा किती जीव होता, हे कुठल्या सरकारी अहवालात दिसणार?

बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' (१९२५) तर आपल्या हातून गेलाच. जमीन गमावून शहरातल्या गिरणीत आलेला शेतकरी, भूमिकेत व्ही. शांताराम. त्या मूकपटाची प्रत आज उरलेली नाही. कोल्हापुरात घडलेली गोष्ट आपल्याला सांभाळता आली नाही, याचं फार वाईट वाटतं.

निदान 'दो बूंद पानी'ची चांगली प्रत मराठी उपशीर्षकांसह कृषी आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत दाखवा. २२ मार्चच्या जलदिनाच्या भाषणांऐवजी दाखवा. आणि सिनेमा संपल्यावर आधी टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला बोलू द्या. आवर्तन, म्हणजे ठरलेल्या पाळीचं पाणी, सुटूनही ते त्याच्या शेतापर्यंत का येत नाही, हे उद्याच्या इंजिनिअरांनी त्याच्याच तोंडून ऐकावं.