‘१४४ मार्कांत एमबीबीएस पक्की’ म्हणे!

नीटचा (वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा) निकाल लागला की हा मेसेज दरवर्षी उगवतो. यंदा तो बहिणीने पाठवला, खाली विचारलेलं: "हे खरं आहे का रे? भरून टाकू का पैसे?" भाचीला मार्क कमी पडलेत, घर हवालदिल झालंय, आणि असल्याच घरांवर मेसेज पाठवणाऱ्या एजंट मंडळींचा डोळा असतो. म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो.

मेसेजमधले दावे असे: सरकारने कटऑफ शून्यावर आणला आहे. १४४ मार्क असले की मॅनेजमेंट कोट्यातून थेट प्रवेश, काउन्सेलिंगची (रँकनुसार होणाऱ्या जागावाटपाची) भानगड नाही, २ लाख भरून आजच सीट ब्लॉक करा. अल्पसंख्याक कॉलेजांना नीट लागू नाही. बारावीला ८० टक्के असतील तर वेटेज मिळतं. आणि यातलं काहीच जमलं नाही तर नीटशिवाय परदेशात एमबीबीएस, परत आल्यावर ‘एक सोपी परीक्षा’.

शून्याचं आधी उरकतो. सप्टेंबर २०२३ मध्ये पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली होती, पण ती नीट-पीजीची. एमबीबीएस झालेल्या डॉक्टरांसाठी, पदव्युत्तर शिक्षणाच्या रिकाम्या जागा भरायला. बारावीच्या पोरांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

१४४ चा आकडा मात्र खरा आहे. २०२५ च्या नीट-यूजीला (एमबीबीएस प्रवेशाची नीट) खुल्या गटाची पात्रता ७२० पैकी १४४ ला थांबली. ओबीसी, एससी, एसटीसाठी ११३ ला. ही पन्नासाव्या आणि चाळिसाव्या पर्सेंटाइलची रेषा आहे. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. परीक्षेला बसलेल्यांपैकी निम्मे तुमच्या मागे असले की झालं पन्नासावं पर्सेंटाइल. पण त्या वर्षी पात्र ठरले १२ लाखांहून जास्त, आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे एका जागेमागे दहा ‘पात्र’ उभे. १४४ मार्कांनी तुम्हाला रांगेत उभं राहता येतं, एवढाच त्यांचा अर्थ.

आता खरा विषारी भाग: ‘थेट प्रवेश, काउन्सेलिंगशिवाय’. असा रस्ताच अस्तित्वात नाही. अभिमत (डीम्ड) विद्यापीठांच्या सगळ्या जागा केंद्राच्या एमसीसीमार्फत (मेडिकल काउन्सेलिंग कमिटी) भरतात. महाराष्ट्रातल्या खासगी कॉलेजांच्या जागा राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप राउंडमधून (केंद्रीकृत प्रवेशफेऱ्यांतून) भरतात, आणि ज्याला लोक मॅनेजमेंट कोटा म्हणतात तो संस्थास्तरीय कोटाही त्यातच येतो. शेवटचा स्ट्रे राउंडसुद्धा (उरलेल्या जागांची फेरी) पोर्टलवरच होतो. कॉलेजच्या ऑफिसात बसून कोणी ‘सीट काढून’ देऊ शकत नाही.

आणि समजा एखाद्या कॉलेजने नियम धाब्यावर बसवून दिलीच, तर? याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये ‘अब्दुल अहद विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात देऊन ठेवलंय. उत्तर प्रदेशातल्या एका खासगी वैद्यकीय कॉलेजने २०१६-१७ साली केंद्रीय काउन्सेलिंग टाळून स्वतःच प्रवेश दिले. लक्षात घ्या, ही मुलं नीट परीक्षा उत्तीर्ण होती. तरी वैद्यकीय परिषदेने त्यांचे प्रवेश रद्द करायला सांगितलं, प्रकरण कोर्टात लोंबकळलं, दरम्यान मुलं वर्गात बसत राहिली, आणि शेवटी निकाल त्यांच्या विरोधात गेला. वर्षं गेली, फी गेली, डिग्रीही नाही. ‘मार्क तर पात्र होते’ हा युक्तिवाद तिथे चालला नाही, तो तुमच्या एजंटच्या तोंडून ऐकून काय उपयोग?

२ लाखांचा आकडा कुठून उचललाय तेही सांगतो, कारण फसणारे इथेच फसतात. अभिमत विद्यापीठांसाठी एमसीसीच्या पोर्टलवर नोंदणी करताना ५,००० रुपये फी आणि २ लाख रुपये परत मिळणारी अनामत भरावी लागते. ती विद्यार्थ्याच्या लॉगिनमधून ऑनलाइन भरायची असते. एजंट तेवढीच रक्कम स्वतःच्या खात्यात मागतो, म्हणजे आकडा ओळखीचा वाटतो आणि संशय येत नाही. त्याहून वाईट म्हणजे काही जण मुलांचं लॉगिन आणि पासवर्डच मागून घेतात आणि चॉइस फिलिंग (कॉलेजांचा पसंतीक्रम भरणं) आपल्या मर्जीने करतात. नको ते कॉलेज नंतरच्या फेरीत लागलं आणि घेतलं नाही, तर अनामत जप्त होते. पासवर्ड आणि ओटीपी कोणालाही द्यायचे नाहीत, ओळखीच्या ‘सरांना’सुद्धा नाही.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. पैसा असला तर कमी मार्कांत जागा मिळते, हे खरं आहे. अभिमत विद्यापीठांची फी बहुतेक ठिकाणी वर्षाला वीस लाखांच्या वर असल्याने तिथला कटऑफ सरकारी कॉलेजच्या कितीतरी खाली येतो, एनआरआय कोट्यात तर आणखी खाली. पण तीही जागा काउन्सेलिंगमधूनच, रँकनेच लागते. त्यासाठी मध्ये कोणी लागत नाही.

अल्पसंख्याक कॉलेजांचा मुद्दा एका ओळीचा आहे: त्यांनाही नीट लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्येच स्पष्ट केलं. बारावीचं वेटेजही नाही. बारावी फक्त उंबरठ्यापुरती: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र घेऊन ती पास व्हावी लागते, पुढे रँक नीटच्या मार्कांवरच.  

परदेशाचं जरा सविस्तर, कारण तिथे रक्कम मोठी आणि फसवणूक उशिरा कळते. २०१८ पासून परदेशात एमबीबीएस करून भारतात प्रॅक्टिस करायची असेल तर नीट पात्रता लागतेच. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम कायम ठेवला. शिवाय नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजीतून, एकाच संस्थेत हवा. तिथेच १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी. आणि त्या डिग्रीवर त्या देशातही प्रॅक्टिसचा परवाना मिळायला हवा. फिलिपाइन्सचा चार वर्षांचा एमडी इथेच अडकला: ४८ महिने भरतात, आणि त्याआधीचा बीएस (पदवीचा अभ्यासक्रम) वैद्यकीय शिक्षणात धरत नाहीत. मध्येच विद्यापीठ बदललं तरी घोळ. ‘सोपी परीक्षा’ म्हणजे एफएमजीई, परदेशातून डॉक्टर होऊन आलेल्यांची पात्रता परीक्षा: ३०० प्रश्न, १५० बरोबर हवेत, निगेटिव्ह मार्किंग नाही. तरीही बहुतेक वेळा शंभरातले सत्तरहून जास्त नापास होतात. ती पास झाल्यावर इथे पुन्हा वर्षभर इंटर्नशिप.

मेसेजच्या तळाशी ‘मर्यादित जागा’ आणि एक मोबाइल नंबर आहे. फोन करायची फारच हौस असेल तर एवढंच विचारा: अलॉटमेंट लेटर कोणत्या पोर्टलवर, कोणत्या फेरीचं दिसेल, आणि फी कॉलेजच्या खात्यात थेट भरली तर चालेल ना?