पाणघोड्याचे मोडलेले पाय

आमच्या महाविद्यालयातल्या मित्रमंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर गेले दोन आठवडे एकच चर्चा चालू आहे. गटातली एक मैत्रीण महाराष्ट्रातल्या एका छोट्या वस्तुसंग्रहालयाच्या विश्वस्त मंडळावर आहे. तिथे स्मृतिवस्तूंचे दुकान काढायचे ठरले आहे आणि त्यात काय ठेवावे यावरून मंडळात दोन तट पडले आहेत. एका बाजूच्या मते संग्रहातल्या देवमूर्तींची चित्रे मगांवर आणि पिशव्यांवर छापणे हा त्या मूर्तींचा अवमान आहे; दुसरी बाजू म्हणते, तिकिटाच्या पैशांत विजेचे बिलसुद्धा भागत नाही आणि परदेशातल्या सगळ्या मोठ्या संग्रहालयांत हेच चालते. ‘तू तिकडे राहतेस, तूच सांग,’ असे मला विचारले गेले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी न्यूयॉर्कजवळ राहते आणि तिथल्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये वर्षातून चार-पाच वेळा तरी जाते. इजिप्तच्या दालनात फायन्सचा, म्हणजे निळ्या चकचकीत झिलईचा, एक पाणघोडा आहे. तो जेमतेम वीतभर लांबीचा आणि जवळजवळ ४,००० वर्षांपूर्वीचा आहे. ज्या पाणथळ जागेत तो राहायचा तिथली कमळे आणि कळ्या त्याच्या अंगावरच रेखाटलेल्या आहेत. १९३१ साली एका इंग्रजी साप्ताहिकातल्या लेखामुळे त्याला विल्यम हे नाव मिळाले आणि पुढे तो संग्रहालयाचे लाडके चिन्हच झाला. दुकानात त्याच्या लहानमोठ्या प्रतिकृती मिळतात. त्यांतली एक माझ्या टेबलावर आहे, आणि कमळाची प्रत्येक रेघ मुळाबरहुकूम जागच्या जागी असल्यामुळे ती मला मनापासून आवडते. मात्र मूळ वस्तूची गोष्ट निराळी आहे. पाणघोडा हा नाइलच्या काठच्या लोकांना धाक वाटावा असा प्राणी होता, आणि थडग्यात ठेवताना त्याने मृताला इजा करू नये म्हणून त्याचे पाय मुद्दाम मोडले गेले होते. आज दिसणाऱ्या चार पायांपैकी तीन नंतर बसवलेले आहेत. ही गोष्ट कळली की ते गोंडस खेळणे हातात एकदम वेगळे वाटू लागते. स्मृतिवस्तू घडवणाऱ्याने मूळ वस्तूकडे किती वेळ पाहिले आहे, हाच माझ्या दृष्टीने खरा प्रश्न आहे. ती मगावर छापली की पिशवीवर, हा प्रश्न त्यानंतरचा.

म्हणूनच ‘परदेशात हेच चालते’ हा युक्तिवाद मला पटत नाही. एकच प्रसिद्ध चित्र छत्रीवर, मोज्यांवर, चष्म्याच्या डबीवर आणि फ्रिजच्या चुंबकावर छापण्याचा आळस इकडेही भरपूर आहे. अनुकरण करायचेच असेल तर दक्षिण कोरियातल्या सोलच्या राष्ट्रीय संग्रहालयाचे करावे. तिथे प्योंगान प्रांताच्या सुभेदाराच्या मेजवानीचे, किम होंग-दो याच्या नावे सांगितले जाणारे, एक जुने चित्र आहे. त्यातले दारू चढलेले विद्वान स्मृतिवस्तूंच्या रेखाकाराने हेरले आणि पेल्यांवर आणले. पेल्यात थंड पेय ओतले की त्या विद्वानाचा चेहरा लालबुंद होतो. तैवानमधल्या तैपेईच्या राजवाडा संग्रहालयाने २०१३ मध्ये चीनच्या कांग्शी सम्राटाच्या हस्ताक्षरातला, ‘आम्हांस कळले’ अशा अर्थाचा शेरा छापलेली चिकटपट्टी काढली. अधिकाऱ्यांच्या अर्जांवर तो हाच शेरा मारत असे, त्यामुळे कागदावरचे अक्षर पुन्हा कागदावरच आले.

आता मगावरच्या देवाविषयी. इथल्या एका दुकानात मी गणपतीचे पायपुसणे पाहिले आहे, आणि त्या दिवशी झालेले दुःख मी अजून विसरलेले नाही. पूजेसाठी घडवलेल्या मूर्तीला तिची जागा आणि मर्यादा असते, ती ओळखणे हासुद्धा वस्तूकडे नीट पाहण्याचाच भाग आहे. पहिल्या बाजूचे म्हणणे मी एवढे पूर्ण मान्य करते. पण त्यावरून काहीच करू नये, असे मुळीच ठरत नाही, कारण आपल्या संग्रहालयांत रोजच्या हाताळणीच्या वस्तूंची काय कमी आहे? पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले दिवे, अडकित्ते आणि वजऱ्या आठवून पाहा. वजरी म्हणजे पाय घासायची साधी वस्तू, तळ खरखरीत. पण घडवणाऱ्याने वर मुठीसाठी पक्षी किंवा प्राणी बसवलेला असतो आणि काहींच्या पोटात खडे असतात, ते घासताना खुळखुळतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला सापडलेल्या प्राचीन कांस्यरथाला दोन बैल जुंपलेले आहेत आणि दांडीवर चक्क एक कुत्रा उभा आहे. यांवरून काही घडवले तर कोणाच्या श्रद्धेला धक्का लागत नाही, आणि छापखान्याऐवजी ओताऱ्याला आणि तांबटाला काम मिळते.

अर्थात, त्यासाठी संग्रहालयाला आपली कपाटे उघडावी लागतील. मेट्रोपॉलिटनने २०१७ मध्ये सुमारे ३,७५,००० छायाचित्रे कोणालाही, अगदी व्यवसायासाठीसुद्धा, मोफत वापरायला खुली केली. आपल्याकडच्या लहान संस्थांनी निदान मोजमापांसह रेखाटने तरी कारागिरांना द्यावीत. मात्र वजन आणि आवाज छायाचित्रात येत नाहीत. प्रतिकृतीसोबत चार ओळींची मराठी चिठ्ठी जावी, आणि ती वस्तूचा अभ्यास केलेल्या माणसानेच लिहावी, एवढा माझा आग्रह आहे.

मैत्रिणीने कळवले आहे की त्यांच्याकडे वजऱ्यांची एक पेटी कित्येक वर्षे तळघरात पडून आहे. मगांची मागणी नोंदवण्याआधी तिने एखाद्या अनुभवी ओताऱ्याला बोलवावे, ती पेटी त्याच्यासमोर उघडावी आणि एकेक वजरी हातात घेऊन त्याला वाजवून पाहू द्यावी.